रिकामी गोफण

गावच्या शेतकरी सोसायटीच्या ज्वारीला राखणदार ठेवला, तेव्हा त्याच्या भाकरीची पाळी लावली गेली. दहा घरं होती. रोज एका घरानं दोन्ही वेळची भाकरी शेतात पोचवायची. पप्पा सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून यादी त्यांनीच लिहिली आणि ऑफिसच्या दाराला चिकटवली. आमचं घर सातवं होतं.

त्या साली पोळ्यानंतर पाऊस झालाच नाही. नांदूरघाटकडच्या आमच्या पट्ट्यातल्या विहिरी दिवाळीच्या आतच तळाला गेल्या. एका सभासदाच्या बोअरला तेवढं पाणी राहिलं होतं. दहा जणांनी मिळून त्या पाण्यावर एकच ज्वारीचं रान जगवायचं ठरवलं. दाणे घरांना, कडबा छावणीला. छावणी म्हणजे गावाबाहेर सोसायटीनं चालवलेला जनावरांचा तळ. बरीचशी तरणी जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे गेली होती. डोंगरापासून रस्त्यापर्यंत सगळं भुरकट आणि मधोमध ते एकच हिरवं शेत. आमच्या गच्चीवरून ते दिसायचं. बघून बरं वाटायला हवं होतं, पण मला भीतीच वाटायची. एवढ्या सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर लागलेले असणं मला कधीच सुरक्षित वाटलेलं नाही.

मी बावीस वर्षांची होते. शाळा बीडला, इंग्रजी माध्यमाची, वसतिगृहात राहून. पुढे शहरात पदवी घेतली आणि नोकरी न मिळाल्यामुळे घरी परतले. गावात माझं मराठी पुस्तकी वाटायचं, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यामुळे मी विचारलं तेवढंच बोलायची सवय लावून घेतली होती. विचारलं तेवढं, त्यापुढे एक शब्द नाही. या सवयीनं त्या हिवाळ्यात काय केलं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

राखणदाराला सगळे आबा म्हणत. त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, मुलगी लिंबागणेशला दिलेली. गळ्यात तुळशीची माळ. मटण-मासे तर सोडाच, अंड्याचं टरफल पडलेल्या उकिरड्यावरूनही ते वाट बदलून जात, असं आई सांगायची. शेताच्या मधोमध चार बाभळीच्या मेढींवर मचाण, खाली तीन दगडांची चूल. आबा दिवसभर मचाणावर उभे राहून गोफण फिरवायचे. पण गोफणीत दगड नसायचा. रिकामी गोफण गरागरा फिरवून एका झटक्यात सोडली की तिच्या शेवटाचा असा आवाज निघतो, की अख्खा थवा उडतो.

"दगड कावून नाही घालत, आबा?" असं मी एकदा विचारलं. माझ्या तोंडी 'कावून' ऐकून ते खूप हसले.

"माळकऱ्यानं जीव मारायचा असतो का, बाई? त्यांलाबी पोट हाय. भ्या दाखवायचं, बास."

आमच्या पाळीच्या दिवशी डबा घेऊन मी जायचे. मामानं दिलेली जुनी दुर्बीण गळ्यात असायची. पाखरं बघायला कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून शाळेतच तो नाद लागला होता. गावात सगळे म्हणत होते की भोरड्यांनी ज्वारी धुतली. सोसायटीचे चेअरमन तर ऑफिसच्या पायरीवर उभे राहून भोरड्यांना आई-बहिणीवरून शिव्या द्यायचे. पण मला दुर्बिणीतून दिसलेली पाखरं भोरड्या नव्हत्या. भोरडी गुलाबी आणि काळी, मैनेएवढी. ही चिमणीपेक्षा थोडी मोठी, पोट पिवळं, चोच जाड. आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मला म्हाईत न्हाई व्हय? भोरडी आली की कालवा करती, अर्ध्या गावाला कळतंय. ही पिवळी गपगार कणसावर बसती आन गिळती. चेअरमनला सांगून उपेग न्हाई. त्याला पाखरू म्हंजे भोरडी, आन गवत म्हंजे कडबा."

माझ्या पुस्तकात त्यांच्याशी जुळणारं एक चित्र होतं. ब्लॅक-हेडेड बंटिंग, मराठीत काळ्या डोक्याचा भारीट. पण चित्रातल्या नराचं डोकं काजळासारखं काळं होतं आणि आमच्या शेतातल्या पाखरांची डोकी मळकट, धुळीत लोळल्यासारखी. दोन पाळ्या मी यातच घालवल्या. मग कळलं की काळी पिसं हिवाळ्यातही असतातच, त्यांची टोकं तेवढी भुरकट असतात. ती किनार हळूहळू झिजते आणि निघायच्या वेळेपर्यंत डोकं पूर्ण काळं होतं. माद्यांचं मात्र जमेना. आणखी एक लाल डोक्याचा भारीट असतो, त्याची मादी आणि हिची मादी हातात घेऊनही वेगळ्या सांगता येत नाहीत, असं पुस्तकात लिहिलं होतं. वहीत मी माद्यांच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"येतात कुठून ही?" आबांनी विचारलं.

"इराणकडून. त्याच्याही पलीकडून."

"आन आमची पोरं जाती सांगली-कोल्हापूरला," ते म्हणाले. "म्हंजे तिकडंबी दुष्काळच असंल."

शेताकडे जाणारी वाट छावणीवरून जायची. फाटकापाशी चार-पाच जण पत्ते कुटत बसलेले असायचे. मी दिसले की एक जण हात थांबवायचा. "आली बे, सेक्रेटरीची मेमसाब आली." दुसरा म्हणायचा, "गुड मॉर्निंग, मॅडम! व्हॉट इज युवर नेम?" एवढंच. हात कुणी लावला नाही, वाट कुणी अडवली नाही. पण त्या फाटकाच्या शंभर पावलं आधीपासून मी डबा छातीशी धरून जमिनीकडे बघत चालायचे.

पौष महिन्यातल्या एका पाळीला मी फाटक दिसताच मागे वळले. डबा घेऊन घरी आले, मागच्या दारानं गोठ्यात गेले आणि आबांची भाकरी गायीपुढे टाकली. आईनं विचारलं, "दिली का?" मी म्हणाले, "दिली." विचारलं तेवढंच.

एका दिवसानं काय होतं, उद्या आठव्या घराची भाकरी जाईलच, असं मी स्वतःला समजावलं. पण आठवं घर जनावरांबरोबर छावणीत राहायला गेलं होतं. नववं नात्यातल्या मयतीला परगावी गेलं होतं. दहाव्या घरातली म्हातारी पाळी विसरून गेली होती. हे मला नंतर कळलं. ज्याची पाळी नाही त्यानं विचारायचं नाही, अशीच सगळ्यांची समजूत होती. यादी दाराला चिकटलेली होती, म्हणजे म्हातारा जेवतच असणार. कुणी विचारलं तर आबा म्हणायचे, "जेवलो की." माळकऱ्यानं भूक लागली म्हणून दारात यायचं नसतं, असा त्यांचा हेका होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी गच्चीवरून दुर्बीण लावली होती. आबा मचाणावरून खाली उतरले. बांधावर वाकले, काहीतरी उचललं, गोफणीत ठेवलं. या वेळी गोफणीचा आवाज आला नाही. ते ज्वारीत शिरले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या मुठीत पिवळं काहीतरी होतं. चुलीपाशी बसून त्यांनी आधी गळ्यातली माळ काढली, मचाणाच्या मेढीला अडकवली आणि मग पिसं उपटायला लागले.

मी दुर्बीण खाली केली. कुणाच्या घरात चोरून डोकावल्यासारखं वाटलं. पुढच्या पाळीला मी धावतच डबा घेऊन गेले, फाटकावरच्यांकडे न बघता. आबांनी भाकरी खाल्ली, माळ गळ्यात होती. चुलीच्या राखेत बारीक पिवळी पिसं दिसत होती. मी रिकामा डबा उचलून निघाले. पण मधल्या नऊ दिवसांत किती घरांची भाकरी येत होती, हे मी विचारायला हवं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी आमच्या ओसरीवर सोसायटीचे चार जण जमले. चेअरमनच्या हातात एक बाटली होती.

"आता गोफणी-बिफणीनं भागत न्हाई," ते म्हणाले. "दाणं भिजवून बांधावर टाकायचं. दोन दिसांत रान साफ."

पप्पा म्हणाले, "हे करता येत नाही, साहेब. कायद्यानं..."

"कायदा आला का पाणी घेऊन?" चेअरमननी विचारलं. बाटलीबरोबरचा कागद हरवला होता आणि बाटलीवरचं अक्षर बारीक, इंग्रजी. मला हाक मारली गेली.

"हे बघ बाई, किती पाण्यात किती घ्यायचं लिवलंय?"

मी बाटली हातात घेतली. कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन होता, खालचा अर्धा लालभडक, वरच्या अर्ध्यात कवटी. मी सगळं वाचलं, मनात. पाखरांना, कोंबड्यांना, जनावरांना घातक. माणसाच्या पोटात गेल्यास काय काय होतं. सगळ्यात खाली उताऱ्याचं नाव, एक शब्द. मग त्यांनी विचारलं होतं तेवढं मोठ्यानं वाचलं.

"फाडफाड वाचती पोरगी," चेअरमन पप्पांना म्हणाले. "इंग्लिश शाळंचं चीज झालं."

मी तिथंच उभी होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: आबा पाखरं खातात. पण ते वाक्य या चौघांपुढे म्हणजे गावापुढे. तासाभरात ते छावणीच्या फाटकावर पोचलं असतं. "बघा बे, माळकरी म्हातारा भोरड्या भाजून खातो." मी पप्पांकडे बघितलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचं काय? त्यो तिथंच ऱ्हातो."

"त्याला दोन दिस लेकीकडं धाडू," चेअरमन म्हणाले. "इखाचं सांगायचं न्हाई. लई तोंडाळ हाय, गावभर करंल."

मला हायसं वाटलं. आबा नसतील, तर काही सांगायची गरज नाही. मी घरात गेले आणि त्या संध्याकाळी चक्क जेवलेही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे टाकले गेले. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी आई म्हणाली की आबा लिंबागणेशला गेलेत, आज कुणाचीच पाळी नाही. मी सवयीनं गच्चीवर गेले. शेतावर पाखरं कमी होती. बांधावर काही ठिपके पडले होते, त्यात कबुतरासारखे होले होते, एक तितर होता. होल्यांनी कुणाचं काय खाल्लं होतं? मग मी दुर्बीण मचाणाकडे वळवली आणि मला धूर दिसला.

चुलीचा धूर. सरळ वर जाणारा.

जिना कसा उतरले ते आठवत नाही. छावणीच्या फाटकापाशी कुणीतरी "गुड मॉर्निंग" म्हणालं असेल, मला ऐकू आलं नाही. ज्वारीची पातं तोंडावर सपासप लागत होती. मचाणाखाली आबा बसले होते, पाठ मेढीला टेकून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडातून लाळ. सदरा घामानं ओला, माघाच्या थंडीत.

"धूर गेला डोळ्यांत," ते म्हणाले. शब्द चिकट येत होते.

"तुम्ही गेला नाहीत लेकीकडं?"

"फाट्यापातूर गेलो, काल रातच्याला मागं आलो. राखण टाकून कसा जाऊ? आन लेकीच्या दारात रिकाम्या हातानं?"

"आबा, किती खाल्ली?"

"काय?"

"पाखरं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. "मी माळकरी हाय, बाई," ते म्हणाले. माळ त्यांच्या डोक्यावर, मेढीच्या खिळ्याला लटकत होती.

"मी गच्चीवरून बघितलंय. दुर्बिणीतून. आधीपासून. किती खाल्ली, सांगा."

त्यांनी तीन बोटं वर केली. "मी मारली न्हाईत," ते म्हणाले. "बांधावर पडलीच व्हती. पोटात दाणं बी व्हतं त्यांच्या. तेबी भाजलं."

मी पप्पांना फोन लावला आणि ओरडले. मी आयुष्यात इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. जीप येईपर्यंत मला एकच काम सुचलं. मी चुलीतली राख आणि पिसं पायानं मातीत दाबली, हाडं उचलून दूर ज्वारीत फेकली. बांधावरचं एक मेलेलं पाखरू ओढणीच्या टोकात बांधलं. का, ते तेव्हा कळलं नाही. माळ खिळ्यावरून काढून आबांच्या गळ्यात घातली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांच्या छातीतून घरघर ऐकू यायला लागली होती. खाटेभोवती आम्ही तिघं, चेअरमन, पप्पा आणि मी. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आबांच्या पापण्या वर केल्या आणि आमच्याकडे वळले.

"काय घेतलंय यांनी?"

"काय न्हाई, साहेब," चेअरमन लगेच म्हणाले. "शेजारच्या रानात फवारा चालू व्हता, त्याचं वारं लागलं."

"पोटात काही गेलंय का? नीट सांगा, मला त्याप्रमाणे करावं लागेल."

"पोटात कशाला जाईल? माळकरी मानूस हाय त्यो."

आबांनी डोळे उघडले. त्यांचा हात गळ्यावर गेला, माळेवर. ते डॉक्टरांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मला कुणी काहीच विचारलं नव्हतं.

मी इंग्रजीत बोलले. शाळेतल्या बाईंपुढे बोलायचे तशी, पूर्ण वाक्यांत. औषधाचं नाव सांगितलं, किती तास झाले ते सांगितलं. विषारी दाणे खाऊन मेलेली तीन पाखरं, त्यांच्या पोटातल्या दाण्यांसकट. मी लेबल वाचलं होतं, उतारा अ‍ॅट्रोपिन लिहिला होता. आणि मग म्हणाले की यांनी पाखरं खाल्ल्याचं या दोघांना कळू देऊ नका, कृपा करून.

डॉक्टरांनी एकदा माळेकडे बघितलं. "आय अंडरस्टँड," म्हणाले आणि नर्सला हाक मारली.

"काय म्हनली पोरगी?" चेअरमननी विचारलं.

"औषधाचं नाव," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यापैकी कुणालाच ते आठवत नव्हतं."

चेअरमन बाहेर जाऊन उभे राहिले. पप्पा गेले नाहीत. पप्पांना इंग्रजी फार येत नाही, पण 'बर्ड्स' कळण्याइतकं येतं. ते भिंतीला टेकून बराच वेळ जमिनीकडे बघत होते. घरघर थांबायला दुपार झाली. तोवर मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून आबांची छाती वर-खाली होताना मोजत होते. थांबली तर, या विचारानं मला तिथून हलता येत नव्हतं.

आबा वाचले. तीन दिवसांनी त्यांना सोडलं. गावात गोष्ट फवाऱ्याच्या वाऱ्याचीच राहिली. चेअरमनना तीच हवी होती आणि आम्हालाही. बांधावरचे दाणे पप्पांनी स्वतः झाडून, खड्डा खणून पुरले. मेलेले होले आणि तितरही. पाळीची यादी त्यांनी ऑफिसच्या दारावरून काढली. नवी लिहिली नाही. सुगी होईपर्यंत रोज सकाळी डबा ते स्वतः घेऊन गेले आणि आबा जेवेपर्यंत मचाणाखाली बसून राहिले. मला त्यांनी काहीच विचारलं नाही. गायीपुढे टाकलेल्या भाकरीबद्दल मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

ओढणीतलं पाखरू मी घरी आणून उजेडात बघितलं होतं. मादी होती. भुरकट, पोटावर जेमतेम पिवळी झाक. पुस्तक उघडून पंख, पाठ, शेपटी, सगळं लावून बघितलं. काळ्या डोक्याची की लाल डोक्याची, हातात घेऊनही सांगता आलं नाही. तुळशीवृंदावनामागे पुरलं. वहीतलं प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं.

फाल्गुनात ज्वारी निघाली. कडब्याच्या पेंढ्या छावणीला गेल्या. उरलेले भारीट रिकाम्या रानात दाणे टिपायला अजून येत होते. नरांची डोकी आता पुस्तकातल्यासारखी काळीभोर झाली होती, म्हणजे निघायचे दिवस आले होते. मी शेवटचं बघायला म्हणून गेले. मचाण अजून उभं होतं आणि राखायला काही नसताना आबाही वर होते. गळा मोकळा होता. माळ मेढीच्या खिळ्यावर होती.

माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी बघितली. "घालीन परत," ते म्हणाले. "नेम मोडला की पंढरीच्या मानसाकडून नवी घ्यावी लागती, आन त्याला खरं सांगावं लागतं. जरा थांबतो."

मी मान हलवली.

"त्या दिशी दवाखान्यात काय बोललीस गं तू इंग्रजीत?"

"औषधाचं नाव, आबा."

"एका नावाला लई येळ लागला."

"लांब होतं नाव."

ते उठले, गोफण घेतली. माझी नजर त्यांच्या हातावर गेली, हातात दगड आहे का ते बघायला. अजूनही कुठं चुलीचा एकटा धूर दिसला तर माझी नजर आधी अशीच चुलीपाशी बसलेल्याच्या हातांकडे जाते. दगड नव्हता. त्यांनी गोफण दोनदा फिरवून सोडली, आवाज झाला आणि पिवळी पाखरं एकदम उडून डोंगराच्या बाजूला गेली. तिकडेच राहतील की अर्धी गिरकी घेऊन परत येतील, ते बघत आम्ही दोघं उभे राहिलो.